गावात पीएम-वाणी वायफाय केंद्र: पात्रता, कागदपत्रं आणि जोडणीचा क्रम

पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदार, झेरॉक्सवाले, बचत गट, कुणीही आपल्या जागेत वायफाय बसवून लोकांना डेटा विकू शकतं. अशा केंद्राला पब्लिक डेटा ऑफिस, थोडक्यात पीडीओ म्हणतात. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने योजना मंजूर केली, तेव्हाच पीडीओला परवाना, नोंदणी आणि शुल्क या तिन्हींतून मोकळं केलं. म्हणून तहसील किंवा पंचायत समितीत अर्ज शोधत फिरू नका. अर्ज द्यायचा तो पीडीओएकडे, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस ॲग्रीगेटरकडे.

पीडीओए अनेक पीडीओंना एकत्र जोडतो. ग्राहकाला प्रवेश देणं, वापराचा हिशेब आणि नोंदी ठेवणं हे त्याचं काम. त्याला मात्र दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नोंदणी झालेल्यांची यादी केंद्रीय नोंदवहीत असते. ती सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था सांभाळते. यादीत नाव दिसल्याशिवाय कुणालाही कागद देऊ नका. ‘वायफाय पॅनल बसवू, दरमहा भाडं देऊ, आधी नोंदणीचे पैसे भरा’ अशी पत्रं सरळ फसवणुकीची असतात.

कागदपत्रं साधारण हीच लागतात: आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश, चालू मोबाइल क्रमांक आणि जागेचा पत्ता. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव अक्षरन् अक्षर जुळवून घ्या, कारण ग्राहक घेतात त्या डेटा व्हाउचरचे पैसे त्याच खात्यात यायचे असतात. बचत गट असेल तर ठरावाची प्रत सोबत ठेवा. करारात आपला वाटा किती टक्के आणि पैसे किती दिवसांनी, हे लेखी घ्या.

खर्च वाया जातो तो क्रम चुकल्यामुळे. आधी राउटर आणि मग पीडीओए, असं करू नका. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं उपकरण, पीडीओएच्या प्रणालीशी जुळत नाही. चालणाऱ्या मॉडेलची यादी आधी मागा. उपकरणाच्या लेबलवरचा मॅक पत्ता (त्या उपकरणाचा ओळख क्रमांक) पीडीओएकडे नोंदवावा लागतो. बारीक छपाईत इंग्रजी बी आणि ८ सारखेच दिसतात; एक अक्षर चुकलं की फोनवर वायफाय दिसतं, पण लॉगिनचं पान उघडतच नाही. तेव्हा लेबलचा फोटोच पाठवा.

लाइन घेताना ‘पीडीओसाठी हवी’ असं स्पष्ट सांगा. पूर्वी कंपन्या महागड्या लीज्ड लाइनचा, म्हणजे खास राखीव जोडणीचा आग्रह धरत आणि दुकानदार तिथेच माघार घेत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या जून २०२५ च्या आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओला द्याव्याच लागतात, आणि दर घरगुती दराच्या दुपटीवर जाऊ शकत नाही. छोट्या गावांसाठी हा फार मोलाचा निर्णय आहे. १०० एमबीपीएसच्या लाइनवर २५ जण एकदम व्हिडिओ पाहू लागले तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ एमबीपीएस येतात. एवढ्यावर अभ्यासाचे व्हिडिओ नीट चालतात.

ॲक्सेस पॉइंट बाहेर लावायचा तर पावसात टिकणारा घ्या आणि केबल १०० मीटरच्या आत ठेवा. या केबलमधूनच वीज जाते, त्यामुळे सोबत आलेलाच पॉवर ॲडॉप्टर वापरा; २४ व्होल्टच्या उपकरणाला चुकीचा ४८ व्होल्टचा जोडला तर ते जळू शकतं.

वीज गेल्यावर फायबरची पेटी आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही चालू राहतील असा बॅकअप ठेवा. तरीही नेट बंद असेल तर पेटीवरचा लॉसचा (LOS, सिग्नल तुटल्याचा) दिवा पाहा. लाल असेल तर बहुधा फायबर तुटली आहे किंवा जिथून लाइन येते तिथलीच वीज गेली आहे. भारतनेट या गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेच्या जोडणीत ही जागा बऱ्याचदा ग्रामपंचायत कार्यालय असते, तेव्हा आधी तिथे विचारा आणि मगच तक्रार नोंदवा.

विक्री सुरू करण्याआधी दुसऱ्या कुणाच्या फोनवर पीएम-वाणीचं ॲप उतरवून ओटीपी, व्हाउचर आणि जोडणी एकदा शेवटपर्यंत करून बघा. त्या फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर वायफाय चालतंय की सिमकार्ड, हे कळणार नाही.