यूट्यूबवरचं पित्ताशय

पित्ताशयात खडे झाले की हल्ली पोट फाडत नाहीत, दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, हे आता सगळ्यांना माहितीये. नातेवाईकांत एकाचं तरी झालेलं असतंच. पण ऑपरेशन करणाऱ्या किंवा त्याला असिस्ट करणाऱ्या डॉक्टरने आदल्या रात्री यूट्यूबवर त्याच ऑपरेशनचा व्हिडिओ बघितलेला असू शकतो, हे कुणी सांगत नाही. लगेच घाबरू नका. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला एक सर्व्हे छापून आला, त्यात मेडिकलचे विद्यार्थी, रेसिडेंट आणि सर्जन अशा सगळ्यांना विचारलं होतं की केसच्या आधी तयारी कशी करता, तर ९० टक्के लोक म्हणाले व्हिडिओ बघतो, आणि त्यात एक नंबर यूट्यूब. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्टेलमध्ये जाऊन विचारलं तर उत्तर फार वेगळं येईल असं मला वाटत नाही.

मग प्रश्न असा की यातून नेमकं काय शिकता येतं आणि काय येत नाही. मला विचाराल तर इथे लोक दोन टोकांना जातात, एक म्हणतात सगळं यूट्यूबवर आहे, दुसरे म्हणतात हात काळे-निळे झाल्याशिवाय सर्जरी येत नाही. दोघंही अर्धं बोलतायत.

आधी दुर्बिणीच्या ऑपरेशनचंच बघू, कारण व्हिडिओशी त्याचं नातं खास आहे. पोट उघडून ऑपरेशन व्हायचं तेव्हा शिकणारा पोरगा स्टुलावर उभा राहून सरांच्या खांद्यावरून डोकावायचा आणि त्याला बहुतेक वेळ सरांचं डोकंच दिसायचं. दुर्बिणीत तसं नाही. सर्जन स्वतःच पोटात बघत नसतो, तो स्क्रीनवर बघत असतो, आणि कॅमेरा धरलेला ज्युनियर, सिस्टर, भूलतज्ज्ञ सगळे तेच बघत असतात. रेकॉर्ड करून ठेवलं की चार वर्षांनी दुसऱ्या देशातला माणूसही अगदी तेच बघतो जे त्या दिवशी सर्जनला दिसत होतं.

दिसत होतं, एवढंच. टिश्यू किती ओढल्यावर फाटेल हे स्क्रीनवर कळत नाही. लांब दांड्याची हत्यारं पोटाच्या भोकातून आत जातात म्हणून हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं, आणि चित्र साधारणपणे सपाट असल्याने खोलीचा अंदाज चुकतो. व्हिडिओ बघताना यातलं काहीच जाणवत नाही, सगळं लोण्यासारखं चाललेलं दिसतं.

आता पित्ताशय मुद्दाम का निवडलं ते सांगतो. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढायची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी केली. त्या काळात जगभरचे सर्जन, अगदी केस पांढरे झालेलेसुद्धा, हे तंत्र नव्याने शिकत होते, आणि तेव्हा एक वाईट गोष्ट लक्षात आली. यकृतातून पित्त आतड्यात नेणारी जी मुख्य पित्तनलिका असते तिला चुकून कापलं जाण्याचं प्रमाण वाढलं. उघड्या ऑपरेशनमध्ये हजारात एक-दोन जणांना होणारी इजा दुर्बिणीत हजारात चार-पाचच्या आसपास गेली. आकडा छोटा वाटतो, पण ज्याच्या बाबतीत होतं त्याचं पुढचं आयुष्य हॉस्पिटलच्या फेऱ्यांत जाऊ शकतं.

साहजिक वाटेल की हात नवखे होते म्हणून झालं. पण २००३ मध्ये अमेरिकेत अशा २५२ केसेस बारकाईने तपासल्या गेल्या, काहींचे मूळ व्हिडिओसुद्धा बघितले गेले, आणि निघालं भलतंच. ९७ टक्के केसेसमध्ये मूळ कारण डोळ्यांची फसगत हे होतं, हाताचं कसब कमी पडलं असं फक्त ३ टक्क्यांत. पित्ताशय ओढून धरलं की त्याची छोटी नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात, सर्जनला वाटतं हीच ती छोटी नळी, त्याला मनापासून खात्री असते, आणि तो अगदी सफाईने चुकीची नळी कापतो. मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण म्हणजे इथे शिकायची मुख्य गोष्ट हात नसून नजर आहे, आणि नजर शिकवायला व्हिडिओइतकं चांगलं साधन नाही.

काय बघायचं हे आधीच ठरलेलं होतं. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग नावाच्या अमेरिकन सर्जनने आपल्या सहकाऱ्यांबरोबर एक नियम मांडला, त्याला सगळे क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी म्हणतात. कात्री लावायच्या आधी तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. पित्ताशयाच्या मानेजवळची चरबी आणि चिकट जाळं साफ झालेलं असावं, पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा झालेला असावा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोन, फक्त दोनच गोष्टी दिसाव्यात, एक नळी आणि एक रक्तवाहिनी. समोरून दिसल्या, मग पित्ताशय उलटवून मागूनही दिसल्या, की मग क्लिप लावायची. नाही दिसल्या तर थांबायचं, सिनियरला बोलवायचं, नाहीतर सरळ पोट उघडायचं, त्यात कमीपणा काही नाही.

तर मग यूट्यूबवरचे व्हिडिओ हे दाखवतात का? २०१७ मध्ये दोन अमेरिकन सर्जननी हेच तपासलं. इंटरनेटवर कुणालाही बघता येतील असे पित्ताशयाच्या ऑपरेशनचे व्हिडिओ घेतले आणि या तीन अटींवर मार्क दिले. बहुतेक नापास! आणि त्याहून वाईट म्हणजे व्ह्यूज किती आहेत याचा मार्कांशी काही संबंधच नव्हता, म्हणजे लाखो लोकांनी बघितलेला व्हिडिओ चांगला असेल याची काहीच गॅरंटी नाही. यूट्यूबला काय माहीत की कुठली नळी कुठे जाते, त्याला एवढंच कळतं की लोक शेवटपर्यंत बघतायत की नाही. आणि शेवटपर्यंत काय बघितलं जातं? आठ मिनिटांत आटोपलेलं, रक्ताचा थेंब नसलेलं, मागे म्युझिक लावलेलं ऑपरेशन. मूळ केस तासभर चाललेली असते, मध्ये रक्त आलेलं असतं, पाच मिनिटं काही सापडत नसतं, कुणीतरी कॅमेरा पुसत असतो, ते सगळं कापून टाकलेलं. शिकाऊ डॉक्टरला खरी गरज त्या कापलेल्या भागाचीच असते. या सगळ्याला वैतागून २०१८ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी शिकवायच्या सर्जरी व्हिडिओंसाठी लॅप-व्हेगास नावाची नियमावली काढली, पण ती नियमावली वाचून अपलोड करणारे किती असतील देव जाणे.

दुसरी भानगड आपल्या डोक्यातली आहे. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये काही मजेशीर प्रयोग छापले. टेबलावरची भांडी न हलवता खालचा कपडा झटक्यात ओढायची ती जादू आठवते ना, तिचा छोटासा व्हिडिओ काहींना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघणाऱ्यांना वाटायला लागलं की हे आपल्याला जमेल. मग डार्ट फेकण्याचा व्हिडिओ घेऊन प्रत्यक्षात फेकायला लावलं, तर जास्त वेळा बघणाऱ्यांचा कॉन्फिडन्स वाढलेला आणि नेम तेवढाच. बाटलीच्या आकाराच्या बोलिंगच्या पिना हवेत उडवून झेलण्याच्या प्रयोगात मात्र एक गोष्ट कामी आली, व्हिडिओ बघून झाल्यावर लोकांना त्या पिना नुसत्या हातात धरायला दिल्या. करून बघायच्या नाहीत, फक्त धरायच्या. तेवढ्यानेच त्यांचा फाजील आत्मविश्वास खाली आला.

म्हणूनच व्हिडिओ बघताना हातात काहीतरी असणं मला महत्त्वाचं वाटतं. सलाईनची शीर शोधणं, टाके घालणं, घशात नळी घालणं अशा छोट्या कामांत क्रम डोक्यात बसवायला व्हिडिओ झकास आहेत, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २००६ पासून अशा प्रोसिजरचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि ते अजून शिकवताना दाखवले जातात. पण मोबाईलवर व्हिडिओ आणि समोर डमीचा हात, बघ, थांबव, कर, परत बघ, असं झालं तर खरं. आपल्याकडे मेडिकल कॉलेजात स्किल लॅब सक्तीची झालीये ती यासाठीच, आता तिचं कुलूप किती वेळा उघडतं हा वेगळा विषय. दुर्बिणीसाठी तर पुठ्ठ्याचा खोका, दोन भोकं आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावर जुगाड करून रेसिडेंट लोक प्रॅक्टिस करतात, हात उलटा चालवायची सवय त्यातही लागते.

पण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात भारी उपयोग वेगळाच आहे, आणि तो सर्वात जुना आहे. दुसऱ्याचा नाही, स्वतःचा व्हिडिओ बघायचा.

पॅरिसमध्ये यूजीन डोयेन नावाचा सर्जन होता, त्याने १८९८ मध्येच, म्हणजे सिनेमा जन्मून जेमतेम तीन वर्षं झाली होती तेव्हा, स्वतःच्या ऑपरेशनांचं शूटिंग करून घेतलं. पॅरिसचे बाकीचे डॉक्टर नाकं मुरडायचे, हा सर्कस करतो म्हणायचे. पण डोयेनचं म्हणणं होतं की पडद्यावर स्वतःला बघितल्यावर मला माझ्या चुका कळल्या, ज्या बरोबर आहेत असं मी समजत होतो, आणि मग मी त्या दुरुस्त केल्या. त्याची सगळ्यात गाजलेली फिल्म १९०२ ची, तिचं नातं आपल्या देशाशी आहे. राडिका आणि डूडिका या ओडिशात जन्मलेल्या, छातीपाशी जोडलेल्या जुळ्या बहिणी, बार्नम अँड बेलीच्या सर्कशीत दाखवल्या जायच्या. डूडिकाला टीबी झाला तेव्हा डोयेनने घाईने दोघींना वेगळं केलं आणि शूटिंगही केलं. डूडिका थोड्याच दिवसांत गेली, राडिका पुढच्या वर्षी. तोवर कॅमेरामनने त्या फिल्मच्या कॉप्या परस्पर विकल्या होत्या आणि त्या जत्रेत तिकीट लावून दाखवल्या जात होत्या. डोयेन कोर्टात गेला आणि १९०५ मध्ये केस जिंकला. त्या दोन पोरींना मात्र कुणी विचारलं होतं असं दिसत नाही, आणि पेशंटची परवानगी हा प्रश्न आजही मिटलेला नाही.

सर्जनच्या स्वतःच्या व्हिडिओतून त्याचं कसब खरंच कळतं याचा भक्कम पुरावा यायला मात्र २०१३ उजाडलं. मिशिगन राज्यातल्या वजन कमी करण्याचं ऑपरेशन करणाऱ्या २० सर्जननी आपल्या पसंतीचा एकेक व्हिडिओ दिला. नाव-गाव झाकून प्रत्येक व्हिडिओला किमान दहा सहकाऱ्यांनी पाचपैकी मार्क दिले. मग ते मार्क त्या सर्जनांच्या दहा हजारांहून जास्त पेशंटच्या रेकॉर्डशी ताडून बघितले. सर्वात खालच्या गटातल्या सर्जनांच्या १४.५ टक्के पेशंटना गुंतागुंत झाली होती, वरच्या गटात ५.२ टक्के. मृत्यूचं प्रमाण ०.२६ टक्के विरुद्ध ०.०५ टक्के. लक्षात घ्या, व्हिडिओ त्यांनी स्वतः निवडलेला होता, म्हणजे निदान लाज वाटेल असा तर कुणी दिला नसणार, तरी सहकाऱ्यांना फरक दिसला.

आता हेच काम कॉम्प्युटरला शिकवायचं चाललंय. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात १३ सर्जननी केलेल्या ८० पित्ताशयांच्या व्हिडिओंचा एक संच बनवलाय, त्यावर ऑपरेशन कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायला मशीन शिकतं आणि ते बऱ्यापैकी ओळखतंही. अवघड भाग पुढे आहे. क्रिटिकल व्ह्यू मिळाला की नाही हे मशीनला शिकवायचं तर आधी अनुभवी सर्जनना एकेक फ्रेम बघून हो-नाही सांगावं लागतं, आणि एकच फ्रेम दाखवली तरी त्यांच्यात एकमत होतंच असं नाही.