शुक्राच्या जमिनीपर्यंतची वाट

केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४मध्ये १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. यान मार्च २०२८मध्ये सोडायचे ठरले आहे. ते शुक्राभोवती फिरेल, खाली उतरणार नाही. चंद्रावर ‘विक्रम’ अलगद उतरवणाऱ्या इस्रोने इथे जमीन का टाळली, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर सोव्हिएत संघाने एकामागून एक गमावलेल्या यानांत सापडते.

शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा जेमतेम साडेसहाशे किलोमीटर कमी. त्यावर ढगांचे अखंड आवरण. ढग आहेत म्हणजे पाणी असणार, खाली दलदल आणि जंगलेही असतील, असा तर्क विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गांभीर्याने मांडला जात होता. १९५६मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने शुक्राकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या आणि तापमान तीनशे अंश सेल्सिअसच्या वर निघाले. ही उष्णता जमिनीची की वातावरणाच्या वरच्या थराची, यावर वाद रंगला. डिसेंबर १९६२मध्ये शुक्राजवळून गेलेल्या अमेरिकेच्या मरिनर २ यानाने कौल जमिनीच्या बाजूने दिला.

तरीही पाण्याची आशा लगेच सुटली नाही. सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा ४ या यानाची कुपी बांधताना ती पाण्यात पडली तर तरंगावी, अशी सोय केली होती. अँटेना सोडणारी खिटी तर चक्क साखरेची होती, पाण्यात विरघळावी म्हणून! १८ ऑक्टोबर १९६७ रोजी ही कुपी पॅराशूटने शुक्राच्या वातावरणात उतरू लागली. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड असल्याचे तिने कळवले. दाब पृथ्वीच्या सुमारे २२ पट झाला आणि संदेश थांबले. यान जमिनीवर पोहोचले, असे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी मरिनर ५ शुक्राजवळून गेले. दोन्ही यानांची मोजमापे ताडून पाहिल्यावर कळले, की जमीन आणखी पंचवीसेक किलोमीटर खाली होती.

आता हिशेब उलटा मांडायला लागला. व्हेनेरा ७साठी उपकरणे कमी केली आणि १८० पट दाब सोसेल असे टायटॅनियमचे कवच केले. १५ डिसेंबर १९७० रोजी उतरताना त्याचे पॅराशूट फाटले, यान जमिनीवर आदळले आणि संदेश बंद पडल्यासारखे वाटले. नंतर ध्वनिमुद्रित फिती तपासताना अतिशय क्षीण असा २३ मिनिटांचा संदेश सापडला. तापमान सुमारे ४७५ अंश. त्यावरून काढलेला दाब पृथ्वीच्या नव्वदेक पट. दुसऱ्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून आलेला हा पहिला संदेश.

त्यानंतरची प्रगती थक्क करणारी आहे. ऑक्टोबर १९७५मध्ये व्हेनेरा ९ने कडा धारदार असलेल्या दगडांचे छायाचित्र पाठवले, परग्रहाच्या जमिनीवरून घेतलेले पहिले. मार्च १९८२मध्ये व्हेनेरा १३ हे यान ३२ मिनिटे टिकावे अशी अपेक्षा होती, ते १२७ मिनिटे टिकले. रंगीत छायाचित्रे काढली, जमीन भेदून नमुना तपासला. मंगळावरच्या यानांची नावे मुलांनाही पाठ असतात. माझ्या मते त्याहून अवघड काम या यानांनी केले, आणि त्यांची आठवण फार थोड्यांना आहे.

जून १९८५मधल्या सोव्हिएत व्हेगा २ यानानंतर शुक्राच्या जमिनीवर एकही यान उतरून काम केलेले नाही. त्या उष्णतेत नेहमीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तासा-दोन तासांपलीकडे तग धरत नाही. तेव्हापासूनचे काम मुख्यतः कक्षेतून झाले. त्यात सर्वांत मोलाचे अमेरिकेच्या मॅगेलन यानाचे. १९९० ते १९९४ या काळात त्याने रडारने ढगांखालचा जवळपास सगळा शुक्र नकाशावर आणला. ती चित्रे तेव्हा पूर्ण वाचून झाली नव्हती. २०२३मध्ये संशोधकांनी १९९१च्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमधली चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचे एक मुख सुमारे दोन चौरस किलोमीटरवरून चारपर्यंत रुंदावलेले दिसले. शुक्र आजही भूगर्भीयदृष्ट्या जिवंत असल्याचा हा भक्कम पुरावा मानला जातो. असे बदल आणखी कुठे होत आहेत, हे शोधायला पुन्हा रडारच लागणार आहे, आणि ते कक्षेतूनच चालवावे लागते.