कसबा पेठ विधानसभा निवडणूक, 2024

कसबा पेठ (मतदारसंघ क्र. 215) म्हणजे जुन्या पुण्याचा गाभा, शनिवार, सदाशिव, नारायण, बुधवार, शुक्रवार अशा पेठांचा मतदारसंघ. इथं 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान झालं आणि 23 तारखेला निकाल लागला. सिटिंग आमदार काँग्रेसचे रवींद्र धंगेकर परत उभे होते, समोर भाजपचे हेमंत रासने, म्हणजे 2023 च्या पोटनिवडणुकीतलीच जोडी. यावेळी रासने 19 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले.

ही लढत समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागतं. 1995 पासून भाजपचे गिरीश बापट इथून सलग पाच वेळा आमदार, 2019 ला ते खासदार झाले मग भाजपच्याच मुक्ता टिळक आमदार झाल्या, आणि डिसेंबर 2022 मध्ये त्यांचं निधन झालं म्हणून पोटनिवडणूक लागली. भाजपनं टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून पेठांमध्ये नाराजी होती, बापट स्वतः खूप आजारी, तरी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून व्हीलचेअरवर प्रचाराला आले, ते दृश्य पाहून फार वाईट वाटलं होतं. प्रचारात ‘हू इज धंगेकर?’ हे वाक्य गाजलं आणि भाजपच्या अंगाशी आलं. 2 मार्च 2023 ला धंगेकर जवळपास 11 हजारांनी जिंकले.

पण पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवीन पाच वर्षं मिळत नाहीत, फक्त उरलेली टर्म मिळते. म्हणजे धंगेकरांच्या हातात जेमतेम वीस महिने, आणि त्यातही मे 2024 ला ते लोकसभेला मुरलीधर मोहोळांविरुद्ध लढले आणि सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरले. तेव्हा कसब्यातूनही मोहोळांनाच लीड होता, धोक्याची घंटा तिथंच वाजली होती.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते मतांचे आकडे. धंगेकरांना 2023 मध्ये 73 हजारांवर मतं होती, 2024 मध्ये 70 हजारांवर, म्हणजे त्यांचा मतदार फारसा हलला नाही, पण रासने 62 हजारांवरून थेट 90 हजारांवर गेले. पोटनिवडणुकीला जेमतेम निम्मं मतदान झालं होतं, तेव्हा घरी बसलेले लोक यावेळी बाहेर पडले, त्यात लाडकी बहीणचे दीड हजार महिन्याला सुरू झालेले आणि राज्यभर महायुतीचं वारं. काँग्रेसमध्येही एकी नव्हती, माजी महापौर कमल व्यवहारे बंडखोरी करून अपक्ष उभ्या राहिल्या.

पेठांमधलं मतदान बघायला हवं असं असतं. वाडा पडून बिल्डिंग झाली, माणसं कोथरूडला नाहीतर सिंहगड रोडला राहायला गेली, पण नाव अजून जुन्या यादीत, मग सकाळी आजोबांना रिक्षातून आणायचं, फुटपाथवर टेबल टाकून बसलेल्या कार्यकर्त्याकडून चिठ्ठी घ्यायची, आपल्या जुन्या शाळेतच रांगेत उभं राहायचं आणि येताना कसबा गणपतीला जाऊन यायचं. या माणसांना आमदाराकडून हवं असतं ते अगदी साधं, रखडलेला वाडा उभा राहावा, गाडी लावायला जागा मिळावी, आणि फोन केला की आमदारानं तो उचलावा. धंगेकर टू-व्हीलरवरून फिरायचे, लोकांना सहज भेटायचे, त्यांची मतं टिकली ती यामुळेच असं मला खात्रीनं वाटतं.

मार्च 2025 मध्ये धंगेकरांनी काँग्रेस सोडली आणि एकनाथ शिंदेंच्या शिवसेनेत गेले, म्हणजे दोनदा समोरासमोर लढलेले हे दोघं महायुतीत एका बाजूला आले.