स्वयंचलित शेत (माइनक्राफ्ट)

माइनक्राफ्ट या व्हिडिओ खेळात खेळाडूचा हात न लागता ऊस, लोखंड, हाडे अशा वस्तू सतत निर्माण करून त्या पेटीत साठवणाऱ्या रचनेस स्वयंचलित शेत म्हणतात. खेळाडूंच्या तोंडी ते नुसते ‘फार्म’ असते. खेळाची पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये आली. २०१३ मध्ये वस्तू गोळा करणारा हॉपर आला आणि अशी शेते बांधणे खऱ्या अर्थाने सोपे झाले.

उसाचे शेत हा यातील उत्तम पहिला धडा आहे. पाण्याला लागून लावलेला ऊस तीन घन (खेळातील जग ज्यांनी बनते ते ठोकळे) उंच वाढतो. तिसऱ्या घनाच्या उंचीवर ठेवलेला ऑब्झर्व्हर, म्हणजे समोरचा बदल ओळखणारा घन, ही वाढ टिपून रेडस्टोनद्वारे, म्हणजे खेळातील विजेच्या तारेसारख्या भुकटीद्वारे, पिस्टनला, म्हणजे पुढे ढकलणाऱ्या घनाला, संकेत देतो आणि पिस्टन दुसरा घन तोडतो, त्यासरशी वरचाही पडतो. बुडखा मात्र शाबूत राहत असल्याने पुन्हा लागवड करावी लागत नाही. मात्र यंत्र ऊस वाढवत नाही, ते फक्त वाट पाहते. संगणकावरील जावा आवृत्तीत १६×१६×१६ घनांच्या प्रत्येक विभागातून सेकंदाला २० वेळा तीन घन यदृच्छेने निवडले जातात. त्यामुळे एका उसाची पाळी सरासरी ६८ सेकंदांनी येते आणि अशा सोळा पाळ्या झाल्यावर, म्हणजे सुमारे १८ मिनिटांनी, तो एक घन वाढतो. उत्पन्न वाढवायचे तर यंत्र गुंतागुंतीचे करण्यापेक्षा उसांची संख्या वाढवणेच योग्य ठरते.

तोडलेला ऊस हॉपरपर्यंत पाण्यावरून वाहत जातो. गुहागर-श्रीवर्धनच्या आगरांत पाटाचे पाणी माड-पोफळींच्या आळ्यांत फिरताना ज्याने पाहिले आहे, त्याला या कामातील उताराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही: सपाटीवर पाणी उगमापासून सात घनच जाते, पण एक घन खाली उतरले की पुन्हा सात घन पुढे सरकते. हॉपर सेकंदाला अडीच वस्तू पेटीत सरकवतो. त्याहून जास्त माल आला तर तो साचू लागतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोबाइलवर खेळणाऱ्याच्या हाती बेडरॉक आवृत्ती असते, तर व्हिडिओंत दिसणारे अनेक आराखडे जावासाठी बांधलेले असतात, आणि फसगत बहुधा इथेच होते. लोखंडाच्या शेतात गावकऱ्यांमुळे अवतरणारा लोहमानव, म्हणजे आयर्न गोलेम, मारून लोखंडाच्या तीन ते पाच कांड्या मिळवतात. जावात झोंबीला घाबरलेले मोजके गावकरी त्याला बोलावू शकतात; बेडरॉकमध्ये मात्र किमान दहा गावकरी आणि वीस खाटांचे गाव लागते. पिस्टनला तिरक्या जागेवरून शक्ती मिळण्याचा जावातील प्रकारही बेडरॉकमध्ये नाही. म्हणून आराखडा घन मोजून उतरवण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे आणि कोणत्या नियमावर चालतो, हे पाहणे आवश्यक आहे.

खेळ बंद असताना काहीच पिकत नाही, आणि चालू असतानाही साधारणतः खेळाडूच्या आसपासचेच शेत चालते. त्यामुळे रात्रभर खेळ सुरू ठेवून माल साठवण्याची रीत रूढ आहे. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या कोकणातील गावांत ती भरवशाची नाही. तिथे शेत खेळातील आपल्या घराजवळ, रोजच्या वावराच्या टापूत बांधणे अधिक शहाणपणाचे, कारण खेळाडू दुसरे काम करत असतानाही ते चालू राहते.