क्वेकरांचे मौन आणि मागचा बाक

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या झटणाऱ्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक फार आधीपासून होते. मात्र क्वेकरांच्या स्वतःच्या घरात काय चालले होते, ते त्या अर्पणपत्रिकेवरून कळायचे नाही.

प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे, या जॉर्ज फॉक्सच्या शिकवणीतून सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये हा पंथ निघाला. मूळ पद्धतीच्या उपासनेत पुरोहित नसतो. सुमारे तासभर सगळे गप्प बसतात, ज्याला आतून प्रेरणा होईल तो उठून बोलतो आणि शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवला की उपासना संपते. कारभारही याच वळणाचा. मतदान होत नाही. लेखनिक सभेचा कल ओळखून ठराव लिहितो, तिथल्या तिथे वाचून दाखवतो, आणि सभा एकमनाची झाली नाही तर ठराव थांबतो. ज्याच्या शब्दाला मान, त्याला क्वेकरही ‘वजनदार’च म्हणतात. अशा सभेत वजनदार माणसे गुलाम बाळगणारी असली की काय होते, ते लवकरच दिसले.

खुद्द फॉक्स १६७१ मध्ये बार्बाडोसला गेला, तेव्हा गुलामांना नीट वागवा आणि काही वर्षांनी मोकळे करा, याच्या पुढे गेला नाही. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनकडेही गुलाम होते. १६८८ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमधल्या चौघांनी गुलामीला लेखी हरकत घेतली: तुम्हाला कोणी असे पकडून विकले, तर चालेल का? स्थानिक मासिक सभेने विषय फार भारी म्हणून अर्ज वरच्या तिमाही सभेकडे धाडला, तिमाहीने तिच्याही वरच्या वार्षिककडे आणि वार्षिक सभेने तो बाजूला ठेवला. नंतर हा कागद विस्मृतीत गेला, तो १८४४ मध्ये पुन्हा हाती लागला. टोलवाटोलवी काही आपल्याच कचेऱ्यांची मक्तेदारी नाही.

बेंजामिन ले या क्वेकराला असा धीर नव्हता. १७३८ च्या वार्षिक सभेत त्याने पोकळ केलेल्या पुस्तकात लाल रसाची पिशवी दडवून आणली, तिच्यात तलवार खुपसली आणि जवळच्यांच्या अंगावर ‘रक्त’ उडवले. त्याला बाहेर काढले गेले. जॉन वूलमनने दुसरा रस्ता धरला. तो गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी गेला, त्यांच्यासमवेत मौनात बसला आणि मग बोलला. मुक्काम केला, तर गुलामांनी केलेल्या सेवेचे पैसे देऊन निघे, आणि यजमान अवघडून जात. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने अशा भेटींसाठी समितीच नेमली. तरी गुलाम ठेवणाऱ्याला सदस्य राहता येणार नाही, हे ठरायला १७७६ उजाडले. अर्जापासून ८८ वर्षे.

गुलामी सुटली, शिवाशिव सुटली नाही. फिलाडेल्फियातल्या क्वेकरांच्या आर्च स्ट्रीट सभागृहात काळ्यांसाठी वेगळा बाक होता. तिथे जाणाऱ्या सारा मॅप्स डग्लस या काळ्या शिक्षिकेने १८३७ च्या सुमारास लिहून ठेवले आहे: तिच्या लहानपणी कोणी गोरा त्या बाकावर बसायला आला, की ‘हा बाक काळ्यांचा आहे’ असे त्याला सांगितले जाई, आणि हे एकेका उपासनेत पाच-सहा वेळा तिच्या कानी पडे.  बाकाचा हा नियम मौनाच्या उपासनेतच पाळला जाई. आम्ही गुलामी सोडली, म्हणजे आमची पाटी कोरी, ही समजूत गोऱ्या क्वेकरांत पुढे फार काळ टिकली. शिवाय वाद टाळायची सवय आणि शांततेची आवड यांमुळे तक्रार करणाराच शांतता बिघडवणारा ठरे.

म्हणून आता काही अमेरिकी सभांत एकदोघांना वेगळेच काम नेमून देतात: कामकाजात कोण बोलतो, कोणाचे ऐकले जात नाही, कोणावर समजावण्याचा भार पडतो, हे टिपायचे आणि त्याच सभेत सांगायचे. ब्रिटनच्या वार्षिक सभेने २०२२ मध्ये गुलाम व्यापार आणि वसाहतवादाबद्दल भरपाई करण्याचे मान्य केले. आणि १६८८ चा अर्ज लिहिला गेला त्याच जर्मनटाउनमधल्या ग्रीन स्ट्रीट सभेने दहा वर्षांत पाच लाख डॉलर द्यायचे ठरवले. त्यातून काळ्या कुटुंबांच्या घरांच्या मालकीची कागदपत्रे मार्गी लावून दिली जातात, कारण आजोबांच्या नावावरच राहिलेले घर दुरुस्तीच्या मदतीला पात्र ठरत नाही.