गाभण घोडी व शिंगरू यांची निगा

घोडी सरासरी 340 दिवसांनी विते. 320 ते 365 दिवसांतली वीण सामान्य मानतात. गर्भाची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. त्याआधी चांगली वैरण आणि खनिज मिश्रण बहुधा पुरते; चंदी (दाणा-खुराक) वाढवायची ती त्या शेवटच्या महिन्यांत. पहिल्या दिवसापासून खाऊ घालून लठ्ठ केलेल्या घोडीच्या पोटातल्या शिंगराला त्याचा काही लाभ होत नाही. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवला की लागाव्यात, इतपत अंग योग्य.

आपल्याकडे चंदीत हरभऱ्याबरोबर गव्हाचा कोंडा सढळ हाताने घालतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. तोच मुख्य खुराक राहिला, तर शरीर हाडांतले कॅल्शियम काढून वापरते आणि जबड्याची व चेहऱ्याची हाडे फुगतात. लसूणघासात कॅल्शियम चांगले असल्याने ती जोड उपयोगी पडते. तांब्याची गोष्ट वेगळी. घोडीच्या दुधात ते फार कमी असते, म्हणून शिंगरू पोटात असतानाच ते यकृतात साठवते. शेवटच्या महिन्यांत खनिज मिश्रण चुकवू नये, ते यासाठी.

विण्याच्या एक ते चार दिवस आधी बहुतेक घोड्यांच्या सडांच्या टोकाशी मेणासारखे थेंब जमतात. वीण बहुधा रात्री होते. पाणमोट फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर येते. आधी पांढुरकी पिशवी दिसायला हवी. लाल, मखमली पिशवी दिसली तर वार वेळेआधी सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो आहे. डॉक्टरांची वाट न पाहता ती तिथेच फाडावी लागते. पुढचा ठोकताळा सोपा आहे : शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत प्यावे, तीन तासांत वार पडावी. वार अडकली तर घोडीला गायीपेक्षा पुष्कळ अधिक धोका असतो.

सगळ्यांत मोलाचा चीक, म्हणजे विल्यावरचे पहिले दूध. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली द्रव्ये, गर्भाकडे जात नाहीत. शिंगरू रोगांपुढे जवळजवळ निःशस्त्र जन्मते. त्याच्या आतड्यांतून ही प्रतिपिंडे रक्तात शिरतात ती पहिल्या 24 तासांतच, तीही पहिल्या सहा-आठ तासांत सर्वाधिक. गोठ्यांतून वार पडेपर्यंत वासराला न पाजण्याची समजूत अजून आढळते. ती शिंगराला लावणे म्हणजे त्याचा घात करणे. धनुर्वाताची लस घोडीला विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टोचतात, म्हणजे तिची प्रतिपिंडे चिकात उतरतात. कास आधीच गळत असेल तर चीक वाया जातो. अशा वेळी दुसऱ्या घोडीचा गोठवून ठेवलेला चीक कोमट पाण्यात वितळवून पाजतात, उकळत नाहीत. चीक पुरेसा पोचला का, हे एका दिवसाच्या शिंगराचे रक्त तपासून कळते. 100 मिलिलिटर रक्तद्रवात 800 मिलिग्रॅमहून अधिक आयजीजी (चिकातून येणारी मुख्य प्रतिपिंडे) असले की पुरे. खेचराच्या बाबतीत मात्र डॉक्टरांना आधी विचारावे : गाढवापासून राहिलेल्या गर्भाच्या तांबड्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडे कधी कधी आईच्याच चिकात असतात आणि पिल्लाला कावीळ होते.

नाळ सौम्य क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकात बुडवतात. पहिली काळपट, चिकट लीद दिवसभरात पडली पाहिजे. शिंगरू शेपटी उचलून कुंथत राहिले तर एनिमा लागतो. आठवड्याभराच्या शिंगराला पातळ हगवण लागते, त्याच सुमारास आई पुन्हा माजावर येते. ते पीत-खेळत असेल तर काळजी नको. पिणे सोडले तर लगेच डॉक्टर बोलवावेत.

पिणाऱ्या शिंगराची आई गाभण असतानापेक्षा जास्त खाते. शर्यतीच्या घोड्यांचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणून स्टड फार्मवर घोड्या वर्षाच्या सुरुवातीलाच विलेल्या बऱ्या. पण मग पुण्याकडे दुधाचा भर नेमका उन्हाळ्यात येतो आणि हिरवी वैरण पाण्यावर घ्यावी लागते. आईला पोचता येणार नाही अशा आडोशाला शिंगराला थोडी चंदी लावतात, आणि चार ते सहा महिन्यांनी दूध तोडतात. तेव्हा घोडीची चंदी घटवावी. कास दाटली तरी पिळू नये; पिळली की दूध पुन्हा भरते.