रेडिएटर फॅन : जुन्या गाडीसाठी बदली फॅनची निवड

रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढून इंजिनचं पाणी गार ठेवणारा पंखा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात मेस्त्री मराठी असो की कानडी, दोघंही त्याला फॅनच म्हणतात, आणि तो बिघडला की बेळगावात तक्रार एका वाक्यात येते, 'गाडी तापूलीय'. या नोंदीत अँबॅसिडर, पद्मिनी, मारुती 800 आणि जुन्या डिझेल गाड्या एवढ्यांचाच विचार केलाय.

फॅन पहिल्यांदा कोणी बसवला यावर एकमत नाही. विल्हेल्म मायबाखचं नाव बहुतेक ठिकाणी येतं, पण कोणी त्याच्या 1897च्या सुमाराच्या नळ्यांच्या रेडिएटरला मान देतं तर कोणी 1900-01च्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजला. त्या मर्सिडीजच्या मधाच्या पोळ्यासारख्या रेडिएटरला 6 मिमी चौकोनी अशा 8,070 बारीक नळ्या होत्या आणि मागं फॅन होता, त्यामुळे पाणी जवळजवळ निम्मं, म्हणजे 9 लिटरच्या आसपास पुरायला लागलं. आज आपण बघतो ती मांडणी, पुढं जाळी मागं पंखा आणि गाडी हळू चालली की हवा ओढायचं काम पंख्याचं, ही इथं पूर्ण दिसते म्हणून दुसरं मत जास्त पटतं. रेडिएटरचाच मान कार्ल बेंझला देणारेही आहेत, पण तो वाद वेगळा. 1908च्या फोर्ड मॉडेल टीला पट्ट्यावर फिरणारा फॅन होता, आणि सुरुवातीच्या साधारण अडीच हजार गाड्या सोडल्या तर पाण्याचा पंपच नव्हता, गरम पाणी आपोआप वर चढायचं आणि गार होऊन खाली यायचं.

आपल्याकडं अँबॅसिडर 1957 साली आली की 1958 साली हे दोन्ही छापलेलं सापडतं, फॅनच्या दृष्टीनं फरक पडत नाही. अँबॅसिडर आणि पद्मिनी दोन्हीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसवलेलं, त्यामुळे फॅन सरळ वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टनं आवळलेला. डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 आली तिचं इंजिन आडवं, पुली बाजूला आणि रेडिएटर पुढं, म्हणजे पट्ट्यावर फॅन फिरवायची सोयच नाही, म्हणून मोटरचा फॅन. बदली फॅन घेताना पहिला प्रश्न हाच, आपला फॅन पट्ट्यावरचा, व्हिस्कस (तेलाच्या कपलिंगवर फिरणारा) की मोटरचा.

पट्ट्यावरच्या फॅनमध्ये बघायचं ते व्यास, पात्यांची संख्या, बोल्टच्या भोकांमधलं अंतर आणि रेडिएटर ते पुली यातली जागा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं म्हणून पातं जाळीला चिकटून बसवता येत नाही. जड किंवा बॅलन्स नसलेला फॅन लावला की त्याची शिक्षा वॉटर पंपाच्या बेअरिंगला होते. पत्र्याच्या जुन्या पात्याच्या मुळाशी बारीक चीर असली तर वेल्डिंग करून वापरू नये, फिरताना सुटलेलं पातं बॉनेट फोडून बाहेर येऊ शकतं. जास्त पात्यांचा किंवा जास्त वेगानं फिरणारा फॅन लावला की जास्त गार होतं हेही अर्धंच खरं, कारण पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी ताकद यांचं नातं घनाचं आहे, वेग 20 टक्के वाढला तर ताकद सुमारे 73 टक्के जास्त लागते, आणि ती इंजिनमधूनच जाते.

व्हिस्कस फॅन जुन्या डिझेल गाड्यांत बऱ्याच ठिकाणी सापडतो. मधल्या डब्यात, म्हणजे कपलिंगमध्ये, सिलिकॉन तेल असतं, पुढच्या बाजूला दोन धातूंची पट्टी किंवा कॉइल असते, रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वाकून झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरतं आणि फॅन पुलीबरोबर जोरात फिरायला लागतो. गार असताना तो मुद्दाम घसरतो. तेल गळून गेलं की तो कायमच घसरतो, आणि आत जाम झाला तर थंडीतही गर्जत राहतो. गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर हातानं फिरवून बघावा, थोडा अडत फिरला तर ठीक, मोकळा गरगर फिरला आणि मध्यभागी तेलकट धूळ बसलेली दिसली तर कपलिंग गेलं. अशा वेळी कितीतरी लोक पाती बदलतात आणि कपलिंग तेच ठेवतात, पैसे वाया.

मोटरच्या फॅनला दिशा फार महत्त्वाची. रेडिएटरच्या मागचा फॅन हवा ओढतो, पुढचा ढकलतो, पण हवा कधीही पुढून मागंच गेली पाहिजे. पातं उलटं करून बसवलं की हवा उलटी जाते असा समज गॅरेजमध्येही आहे, तो चुकीचा, नट उलटा करून लावला तरी आटे उजवेच राहतात तसंच हे. पातं उलटं केल्यावर मोटर त्याच दिशेनं फिरत असेल तर हवा त्याच बाजूला जाते, फक्त पात्याची वळणदार बाजू चुकीच्या अंगाला आल्यामुळे कमी जाते. दिशा बदलते ती मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्यावर. म्हणून मागचा फॅन पुढं बसवायचा असेल तर वायरींची अदलाबदल आणि पातं उलटं करणं, दोन्ही एकदम करावं लागतं. बसवल्यावर रेडिएटरच्या पुढं कागद धरावा, मागचा फॅन बरोबर असेल तर कागद जाळीला चिकटतो.

हवेचे आकडे बॉक्सवर मोठे असतात, ते मोकळ्या हवेत मोजलेले, पुढं एसीचा कंडेन्सर आणि जाळी आली की खूप उतरतात. त्याहून जास्त फरक काउलमुळे, म्हणजे फॅनभोवतीच्या आवरणामुळे पडतो. चौरस जाळीत बसणारा मोठ्यात मोठा गोल तिचा साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच भाग झाकतो, काउल नसेल तर कोपरे बिनकामाचे राहतात, आणि मारुतीची काउल काढून फेकून दिलेल्या गाड्या सर्रास दिसतात. फॅन जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवूनही बांधू नये, हादऱ्यानं नळ्या घासून पाणी गळायला लागतं.

अँबॅसिडर किंवा पद्मिनीला मोटरचा फॅन लावायचा तर आधी वीज मोजावी. 120 वॉटची मोटर 12 व्होल्टला 10 अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. जुन्या डायनॅमोची अडचण अशी की तो आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, जवळजवळ काहीच देत नाही, आणि फॅनची गरज नेमकी तेव्हाच. अल्टरनेटर नसेल तर मोटरचा फॅन लावू नये, पट्ट्यावरचाच बरा. रिले, वेगळा फ्यूज आणि जाड वायर हवीच. फॅन 'डायरेक्ट' करून देणं, म्हणजे चावी फिरवली की कायम चालू, हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण त्यानं मोटर लवकर जाते आणि इंजिन पुरेसं तापत नाही म्हणून पेट्रोलही जास्त खातं. खरं तर बिघडलेला असतो तो साधारण 92 ते 98 अंशांना फॅन चालू करणारा थर्मो स्विच.

सीमाभागात निवड थोडी वेगळी पडते. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, इथं उघडं पाणी साधारण 97.5 अंशांनाच उकळतं, रेडिएटरची 0.9 बार दाब धरणारी कॅप नीट असेल तर ते 118च्या जवळ जातं, त्यामुळे फॅनआधी कॅप बदलावी. गोव्याकडून चोर्ला घाट चढताना, सावंतवाडीकडून आंबोली चढताना किंवा निपाणीजवळच्या तवंदी घाटात इंजिनवर ताण जास्त आणि वाऱ्याचा झोत कमी. ऊस गाळपाच्या दिवसांत चिकोडी, रायबाग, अथणीकडं दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहते, तेव्हा फॅनची खरी परीक्षा होते, आणि पाचटाचा कचरा जाळीत अडकतो तो वेगळाच. गाडी हायवेला ठीक आणि गर्दीत तापत असेल तर दोष फॅनकडं, हायवेलाच तापत असेल तर रेडिएटर चोक, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप बघावा, तिथं नवा फॅन घेऊन उपयोग नाही. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात मोटरच्या मागं पाणी जाऊन बुश आणि ब्रश खराब होतात, तिथं सीलबंद मोटर घ्यावी.

सुटे भाग मिळत नसतील तर स्क्रॅपमधला मूळ कंपनीचा फॅन नव्या स्वस्त नकलेपेक्षा चांगला, हे अनुभवाचं मत. शाफ्ट हातानं हलवून बघावा, बॅटरीवर पाच मिनिटं चालवून मोटर किती तापते ते बघावं, पातं डगमगतं का बघावं. पुली आणि फॅनमध्ये अंतर कमी-जास्त पडलं तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर स्पेसर करून मिळतो, मात्र तो अॅल्युमिनियमचा आणि अगदी मध्यात हवा. मोटरचा फॅन बसवल्यावर गाडी आयडलला उभी करून फॅन आपोआप चालू होऊन बंद व्हायची वाट बघावी, आणि असं निदान दोनदा झाल्याशिवाय मेस्त्रीला सोडू नये.